संध्याकाळची दोंडाईचा गाडी

आम्ही घर घेतलं ते गतिरोधकासाठी. लोक घर घेताना दिशा बघतात, पाणी बघतात, शेजार कसा आहे याची चौकशी करतात. आम्ही शहाद्यात दोंडाईचा रस्त्याला, वस्ती संपून केळीची शेतं सुरू होतात तिथल्या नव्या कॉलनीत रो-हाउस घेतलं, कारण कॉलनीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे आणि माझ्या माहेराकडून येणारी प्रत्येक एसटी तिथे हळू होते. हळू झालेली गाडी थांबवता येते आणि थांबलेल्या गाडीतून उतरता येतं. माझ्या मायला दारात उतरता यावं, एवढीच माझी त्या घराकडून अपेक्षा होती. उतरावं आणि मग कायमचं राहावं.

माहेर सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीकाठचं. रस्त्यावरच्या फाट्याला उतरायचं आणि आत चालत जायचं. वडील गेल्यापासून माय तिथे दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. मी एकुलती एक, त्यामुळे तिची काळजी वाटून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मी शहाद्याला पोस्टात काउंटरवर बसते. नवऱ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपाची मोटर जळाली की तो ती उचलून आणतो, आतली तार नव्याने भरतो आणि परत नेऊन बसवतो. पोस्ट काही उचलून खेड्यात नेता येत नाही आणि दुकानही नाही. तेव्हा मायनेच आमच्याकडे यावं, हे उघड होतं. निदान मला तरी उघड होतं.

त्याआधी आम्ही बाजारात भाड्याने राहत होतो, साडीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. जिना असा उभा की सिलेंडरवालाही वर येताना आमच्या घराण्याचा उद्धार करत यायचा. मायचे गुडघे तो जिना चढायला तयार नव्हते. ती आली की खालून हाक मारायची, मी खाली जायची आणि आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर बसून बोलायचो. लेकीच्या बारावीचा निकाल मायला मी तिथेच सांगितला. वडिलांच्या आजारपणातलं रडणंही तिथेच झालं, तेव्हा दुकानदाराने गिऱ्हाईक समजून आम्हाला चहा पाजला. माणूस भला होता, पण आईशी बोलायला आपल्या हक्काची एक खोली असावी असं मला फार वाटायचं.

कॉलनीचं पत्रक पोस्टातच माझ्या हाती पडलं. त्यावर चार दिशांना जाणारे चार बाण आणि मध्ये हसणारं कुटुंब. सगळ्या सोयी जवळ, सगळ्या बाजूंनी जोडलेलं, असं लिहिलं होतं. रविवारी आम्ही बघायला गेलो. साइटवरचा दाखवणारा मुलगा काहीही विचारलं तरी पाच मिनिटं म्हणत होता. बस स्टँड पाच मिनिटं, दवाखाना पाच मिनिटं, कॉलेज पाच मिनिटं. नवऱ्याने रेल्वे स्टेशन किती लांब असं विचारलं, तेव्हाही त्याचं तोंड पाच म्हणायला उघडलं आणि मग आपण शहाद्यात उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं. शहाद्याला रेल्वे नाही. रेल्वेसाठी दोंडाईचाला जा नाहीतर नंदुरबारला. तो म्हणाला, भविष्यात विचार चालू आहे.

नवऱ्याने खिशातून मीटर काढून भिंतीतल्या प्लगमध्ये घातलं, खाली बसून बराच वेळ काट्याकडे बघितलं आणि व्होल्टेज बरं आहे म्हणाला. त्या घराबद्दल त्याने काढलेला हा पहिला आणि शेवटचा चांगला शब्द. मी बाहेर जाऊन गतिरोधकापाशी उभी राहिले. धुळ्याहून येणारी एक गाडी आली, हळू झाली, खालीवर होऊन गेली. मी आत येऊन सांगितलं की घ्यायचं.

व्यवहार पक्का करायच्या आधी मायला घर दाखवायला आणलं. तिने नळ सोडून बघितले, भिंतीवर हात ठेवून भिंत गार आहे का ते बघितलं, मागच्या खोलीत जाऊन खिडकी उघडली. ती खोली तिची, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. पुढे अंगणाएवढी मोकळी जागा होती, तिथे ऊन कुठून कुठे जातं ते विचारलं. उन्हाळ्यात बिबड्या कुठे वाळतील, हे ती बघत होती; ज्वारीच्या कण्या शिजवून त्याचे हे पापड आमच्याकडे घरोघरी घालतात. मला आनंद झाला. माणूस जिथे राहणार नाही तिथलं ऊन बघत नाही, असं मी नवऱ्याला हळूच म्हणाले. मग तिने त्या साइटवरच्या मुलाला जवळ बोलावलं.

"सांजले परत जावाले गाडी कोनती शे?" तिने विचारलं.

त्याला फार बरं वाटलं. ज्याचं उत्तर खरोखरच चांगलं होतं असा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कोणी विचारला असावा. त्याने बोटांवर गाड्या मोजल्या. साक्री, धुळे, दोंडाईचा, आणि अंधार पडता पडता पुन्हा एक दोंडाईचा. माय म्हणाली, बरं शे. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्या दिवशी परत जायचंय म्हणून विचारतेय, असं मला वाटलं.

घरभरणीला माय पहाटेच्या गाडीने आली. पूजेला बसली नाही, पण स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आचाऱ्याला वरणाला हिंग कमी पडल्याचं सुनावलं आणि माझ्या नणंदांना बसवून वाढलं. नवऱ्याकडचं गणगोत बरंच होतं. मुक्कामाला सगळे थांबले, गच्चीवर गाद्या पडल्या. संध्याकाळी मी मागच्या खोलीत तिच्यासाठी नवी चादर घालायला गेले तर माय पिशवी घेऊन दारात उभी. गाडी येई ऱ्हायनी, म्हणाली.

मी म्हणाले, आज तरी थांब. तर तिने तो ठरलेला जबाब दिला, "आंडेरना घर मुक्काम नही करतस."

आंडेर म्हणजे लेक. लेकीच्या घरी आईबापांनी मुक्काम करायचा नाही, ही आमच्याकडची जुनी चाल. आजोबांच्या वेळची माणसं तर लेकीच्या घरचं पाणीही प्यायची नाहीत. बैलगाडीत पाण्याचं मडकं घेऊन जायची. माझी लेक झाली तेव्हा मायने जेवणापुरती सूट घेतली. नात झाल्यावर चालतं, म्हणाली. मुक्कामाची सूट मात्र तिच्या हिशोबात कुठे बसत नव्हती. मी तिला सांगितलं की आता कायद्याने मुलगा आणि मुलगी सारखी. ती म्हणाली, बराबर शे. आजकाल मुलीच आईबापांना बघतात, म्हणाले. तेही तिला बराबर वाटलं. माझं प्रत्येक म्हणणं तिने मान्य केलं आणि पिशवी उचलून गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मला कळलं की ही आता रोज येणार आणि रोज जाणार.

याला एसटीची मदत झाली. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटी फुकट. मायचा जन्म कधीचा हे कोणालाच माहीत नाही, पण आधार कार्डावर तिचं वय कोणीतरी अंदाजाने आणि जरा सढळ हाताने घातलेलं आहे. कार्ड आलं तेव्हा ती त्यावर महिनाभर चिडली होती. मला म्हातारी केली म्हणाली. एसटी फुकट झाल्यापासून त्या वयावर तिचा पूर्ण विश्वास बसला. एकदा गाडीत कोणी म्हणालं, आजी, तुम्ही एवढ्या वाटत नाही. तर तिने त्याला कार्ड काढून दाखवलं.

घर सगळ्या बाजूंनी जोडलेलं आहे हे पत्रकातलं वाक्य अक्षरशः खरं निघालं आणि तेच माझ्या मुळावर आलं. घर आडबाजूला असतं तर एखाद्या दिवशी गाडी चुकली असती, अंधार पडला असता, पाऊस आडवा आला असता. इथे एक गाडी गेली की मागून दुसरी. कॉलनीतल्या मंडळींनी आगाराकडे विनंती थांब्यासाठी अर्ज केला, सह्या गोळा केल्या, दोन वेळा भेटून आले. थांबा मंजूर होऊन पाटी लागेपर्यंत माय तिथे रोजच उतरत होती. ती ड्रायव्हरला गाडी थांबव असं सांगत नसे. ती नुसती उठून दाराशी जाऊन उभी राही आणि ड्रायव्हर थांबे.

दिवसा मात्र ती त्या कॉलनीची पक्की रहिवासी झाली. कॉलनीत सगळेच नवे. कोणी धडगावकडून आलेला शिक्षक, कोणी तळोद्याचा तलाठी, कोणी साखर कारखान्यातला. शेजारी नवापूरकडची एक नर्स. घरात जो तो आपापल्या बोलीत बोलायचा, कोणी धडगावकडची पावरी, कोणी नवापूरकडची कोकणी, आणि फाटकाबाहेर आला की शाळेत बोलतात तसं मराठी बोलायचा. सगळे एकमेकांशी फार सभ्यपणे वागायचे आणि फाटकं लावून घ्यायचे. माय आमच्या पायरीवर बसून जो दिसेल त्याच्याशी सरळ अहिराणीत बोलायची. तिला दुसरं येत नाही. दोन महिन्यांत तिला सगळ्या घरांतली दुखणी, पोरांचे मार्क आणि सासवांचे स्वभाव पाठ झाले. उन्हाळ्यात तिने कॉलनीतल्या बायकांना गोळा करून आमच्या पुढच्या जागेत बिबड्या घातल्या. नर्स नाताळला केकचा पहिला तुकडा मायसाठी बाजूला ठेवायची, माझ्यासाठी नाही. कॉलनीच्या ग्रुपवर संध्याकाळी कोणीतरी विचारी, आजी गेल्या का? मी कामावरून आले का, असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

पोस्टातून मी घरी यायची आणि ती जायला निघालेली असायची. चहा व्हायचा तेवढा वेळ आमचा. त्यातला निम्मा वेळ ती कान रस्त्याकडे लावून बसायची. साडीच्या दुकानाच्या पायरीवरही याहून जास्त बोलणं व्हायचं, असं मला वाटायला लागलं, आणि ज्या घराचा हप्ता भरताना माझे डोळे पांढरे होत होते त्या घराचा मला राग यायला लागला. मागच्या खोलीतली चादर मी दर पंधरा दिवसांनी धुवायची. ती मळलेली नसायची.

मग मी एक बेत केला. बोलून ऐकत नाही तर न बोलता करू. माय सोडून माहेरचं बाकीचं घर हळूहळू इकडे आणायचं. घर रिकामं झालं की तिथे जायला कारणच उरणार नाही. मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, मोटरी आणायला त्या बाजूला टेंपो तर मी नेतोच.

सुरुवात तिनेच करून दिली. माझ्या तव्यावर भाकरी नीट होत नाही म्हणाली. मी म्हटलं, मग तुझा तवा आण. आणला. मग पीठ मळायची लाकडी काठवट आणली. मिक्सरमधल्या चटणीला चव नसते म्हणून मी दोन-तीन दिवस ताटात चटणी तशीच ठेवली. पुढच्याच आठवड्यात त्या बाजूला एका शेतकऱ्याची मोटर जळाली आणि नवऱ्याच्या टेंपोतून मोटरबरोबर पाटा आणि वरवंटा आला. दुपारी तिला पलंगावर झोप लागत नाही असं ती एकदा म्हणाली. मला तेवढं पुरलं. पुढच्या मोटरबरोबर तिची सुतळीची खाट आली. नवऱ्याने ती मागच्या खोलीत टाकली आणि तिच्यावर बसून बघितलं. करकरली, पण दणकट होती.

मग भांडी. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे. घेताना दुकानातच कोरून घेतात. मायच्या ताटांवर, वाट्यांवर, डब्यांवर वडिलांचं नाव. पाहुणे आले, ताटं कमी पडतात, असं मी दर सणाला म्हणायची आणि ती पिशवीतून दोन-चार घेऊन यायची. परत न्यायचं ती विसरायची, किंवा मला तसं वाटायचं. वर्षभरात माझं मांडणीचं कपाट वडिलांच्या नावाने भरलं.

शेवटी खापर आलं. मातीचं हे मोठं खापर चुलीवर पालथं घालतात आणि त्यावर हातांवर पसरवलेली पुरणपोळी टाकतात. ती पोळी हातरुमालासारखी पातळ आणि परातीएवढी मोठी होते. खापर मायने कोणाच्या भरवशावर सोडलं नाही. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ती एसटीने आली. कंडक्टरने सामानाचं तिकीट लागेल म्हटलं तर तिने त्याला गोधडीचं टोक उघडून दाखवलं आणि विचारलं की हे सामान दिसतं का. त्याने आत बघितलं आणि पुढे गेला. मी मागच्या अंगणात चूल घालून घेतली. माय तिथे खापर उपडं ठेवून उभी राहिली, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं. आता तिकडे राहिलं काय?

संध्याकाळी ती दोंडाईचा गाडीने गेली.

मी चिडले. फार चिडले. तिथे आता भिंती सोडून काही नाही, रोज कोणत्या ओढीने जातेस, असं मी तिला एकदा फाटकात गाडी यायच्या आत विचारलं. ती म्हणाली, घर शे. मी म्हटलं, हे नाही का घर? ती म्हणाली, हे तुन्हं शे. एवढ्यात गाडी आली. तिच्याशी भांडण करायचं तर ते दोन गाड्यांच्या मध्ये बसवावं लागायचं.

आखाजी जवळ आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि खानदेशात लेकींचा यापरता मोठा सण नाही. लेक वीस वर्षांची असो की साठ, आखाजीला माहेरी जाते. झोके बांधतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते, गल्लीतल्या सगळ्या लेकी आलेल्या असतात. मी एकही आखाजी चुकवलेली नाही. पोस्टात मी दिवाळीला रजा मागत नाही, आखाजीला मागते. या वर्षी मी मायला सांगितलं की आखाजी आपण इथेच करू. खापर इथे, काठवट इथे, ताटं इथे, आंबे शहाद्याच्या बाजारात. मी कशाला तिकडे येऊ? तिथे आहे काय?

 आखाजीच्या आदल्या दिवशी माय नेहमीच्या गाडीने आली, पण आत आली नाही. फाटकाबाहेर उभी राहिली. डोक्यावर पदर, अंगावर लग्नकार्यात नेसायचं पातळ. नवरा दुकानात जायला निघाला होता. त्याला तिने हात जोडले.

"जवाईबुवा, आखाजी उनी," ती म्हणाली. "आंडेरले लेवाले उनू."

लेकीला न्यायला माहेराहून जो येतो त्याला मुराळी म्हणतात. वडील होते तोवर ते यायचे. नंतरची वर्षं मी आपली आपण जायची. हिला रोज आमच्या घरात पिठाचा डबा कुठे आहे ते माझ्याआधी कळतं, आणि ही फाटकाबाहेर मुराळी होऊन उभी. नवऱ्याने चपला काढल्या, तिला आत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. ती पाहुण्यासारखी बसली, पाहुण्यासारखी घोटभर पाणी प्याली. नवऱ्याने चेहरा जराही न हलवता सांगितलं की न्या, पण परवा पाठवा. माझं मत कोणी विचारलं नाही. मी रजा टाकलेलीच होती.

संध्याकाळी आम्ही दोघी दोंडाईचा गाडीत बसलो. माझ्या मांडीवर कपड्यांची पिशवी, तिच्या मांडीवर गोधडीतलं खापर. ते ती परत नेत होती. 

घरात शिरले आणि दारातच थांबले. मीच रिकामं करवलेलं घर, पण मी ते रिकामं झालेलं बघितलं नव्हतं. गेल्या आखाजीपासून वर्षभर तीच माझ्याकडे येत होती म्हणून मी तिकडे गेलेच नव्हते. पहिल्या खोलीत भिंतीला टेकवून कोरड्या ज्वारीची अर्धी गोणी, दोरीवर दोन लुगडी. दुसऱ्या खोलीत चूल, एक पातेलं, एक पेला, कोपऱ्यात देव. देव तिने पाठवले नव्हते. जमिनीवर एक गोधडी नीट घडी घालून ठेवलेली होती आणि तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या. खाट माझ्या मागच्या खोलीत होती, दुपारच्या झोपेसाठी.

अंगणात मात्र आखाजीची सगळी तयारी होती. निंबाच्या फांदीला झोका बांधलेला. झाडाखाली माझ्यासाठी खाट, शेजारच्या घरातली मागून आणलेली. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा माझ्या ताटावर एका घराचं नाव होतं, वाटीवर दुसऱ्याचं, पाण्याच्या लोट्यावर तिसऱ्याचं. गल्लीतल्या सगळ्यांची भांडी उसनी आणून तिने माझं माहेर मांडलं होतं. पुरणपोळी हातरुमालासारखी पातळ झाली होती, आमरसात वेलदोडा होता, आणि मी ताटावरचं ते परकं नाव बोटाने चाचपत होते. शेजारच्या घरातल्या आखाजीला आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या. मला त्यांचाही राग आला.

जेवणं झाल्यावर मी खाटेवर बसले, माय खाली जमिनीवर बसून खापर पुसत होती. मी तिला विचारलं की तू वर्षभर जमिनीवर झोपतेस?

"खाट तं तुन्हा घर शे," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मी विचारलं म्हणून तिने खाट कुठे आहे ते सांगितलं.

मग माझा आवाज चढला. झोक्यावरच्या बायका गप्प झाल्या एवढा चढला. मी म्हटलं, खाट तिथे, तवा तिथे, बापाची ताटं तिथे, दिवसभर तू तिथे, मग रात्रीचीच काय ती लाज? कोण बोलणार आहे तुला? चाल मोडली म्हणून कोण वाळीत टाकणार आहे? मायने खापर खाली ठेवलं. माझ्याकडे तिने अशा नजरेने बघितलं, जणू म्हणत होती, ही पोस्टात बसून लोकांना पत्ते समजावून सांगते आणि हिला एवढं कळत नाही.

"मी तुन्हा घर ऱ्हायनू," ती म्हणाली, "तं आखाजीले तू कोना घर जाशी?"

  मी खाटेवर बसून रडले. पन्नाशीची बाई, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत. मायने मला गप्प केलं नाही. झोक्यावरच्या बायकांपैकी एक उठली आणि झोका माझ्याकडे ढकलून गेली. आखाजीला लेकीने माहेरी रडणं यात कोणाला काही नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सासरी धाडायची तयारी झाली. मायने माझी ओटी भरली. नारळ, गहू, खण, हळदकुंकू. डब्यात सांजोऱ्या आणि पिशवीत आंबे, जे मी शहाद्याहून तिच्याकडे आणले होते. गल्लीतल्या चार बायका फाट्यापर्यंत सोडायला आल्या. गाडी लांबून दिसायला लागली तशी माय रडायला लागली. खरोखर रडत होती, पदराने डोळे पुसत होती, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होती. नीट जाय, जपून ऱ्हाय, म्हणाली. मीही रडले. गाडी थांबली, मी चढले, खिडकीजवळ जागा धरली आणि तिला हात करायला बाहेर वाकले. खाली चार बायका हात हलवत होत्या. माय त्यांच्यात नव्हती.

ती माझ्या मागे गाडीत चढली होती. डोळे अजून ओले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आधार कार्ड. कंडक्टर तिला म्हणाला, आजी, आज उशीर केला. ती म्हणाली की आज लेकीला सासरच्या वाटेला लावायचं होतं. मग माझ्याजवळ आली.

"सरक जरासी," ती म्हणाली. "सांजले परत जानं शे माले."

मी सरकले. खिडकी तिला दिली. सारंगखेड्याकडचा वारा आत यायला लागला आणि तिने पदर कानाभोवती गुंडाळून घेतला. मी पिशवीतून फोन काढून नवऱ्याला लावला आणि विचारलं की आमच्या गावाकडे आज कोणाची मोटर जळाली आहे का. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग नुसतीच खाट घेऊन जा आणि मायच्या घरात टाकून ये.  तो बरं म्हणाला.

माय खिडकीबाहेर बघत होती. तिने ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. केळीची शेतं संपेपर्यंत ती तशीच बसली होती. गतिरोधक जवळ आला, तशी उठून दाराकडे निघाली.

"तवा बी," ती म्हणाली.